लॅब्राडॉरला घेऊन भंडारदऱ्याला जाताय? आधी रात्रीचं ठरवा

तुम्ही विचारलंय की पुण्याहून घरचे सहाजण डिसेंबरात दोन रात्री भंडारदऱ्याकडे एखाद्या आडबाजूच्या फार्मस्टेवर जाणार आहात, तर लॅब्राडॉरला बरोबर न्यावं की बोर्डिंगला ठेवावं, आणि तिकडे ‘पेट फ्रेंडली’ जागा कोणत्या. जागांची नावं मी देणार नाही. अशा ठिकाणी मालक शहरात बसतो आणि जागा चालवतो केअरटेकर. तो बदलला की जागाच बदलते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठाम आहे. न्या. फक्त ती रात्री कुठे झोपणार हे निघायच्या आधी पक्कं करा. तुमच्या खोलीत, कडी लावलेल्या दाराआड झोपणार नसेल तर नेऊ नका.

हा प्रश्न वाचून मला राहवलं नाही, कारण यावरून आमच्या घरात अजून वाद आहे.

आमची चिंगी गावठी आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पिल्लू असताना मिळाली. एका नाताळच्या सुट्टीत आम्ही, सासूबाई, मोठे भाऊजी, जाऊबाई आणि सगळी मुलं असे भंडारदऱ्याच्या पुढे एका वाडीजवळच्या फार्मस्टेवर गेलो होतो. बुकिंग करताना मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं. ‘हो हो मॅडम, आणा ना, आम्ही पेट फ्रेंडली आहोत,’ असं उत्तर आलं. आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत संध्याकाळी पोचलो, सामान उतरवलं आणि मालकाचा फोन. कुत्रा खोलीत चालणार नाही, गाद्या खराब होतात, पडवीत खांबाला बांधा, तिथे पोतं टाकून ठेवलंय.

तिथले केअरटेकर मामा बाजूलाच उभे होते. फोन ठेवल्यावर ते हळूच म्हणाले, “ताई, बाहेर नका बांधू. वाघरू फिरतं इकडं. आमची पण रात्रीची आतच असतात.” वाघरू म्हणजे बिबट्या. त्यांचा स्वतःचा कुत्रा आदल्या पावसाळ्यात पडवीतूनच गेला होता. साखळी तुटली नव्हती, पट्टा तुटला होता. हे त्यांनी मुलांच्या कानावर जाऊ नये म्हणून मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी मालकाला परत फोन लावला. बराच वेळ बोलले. शेवटी साफसफाईचे म्हणून जादा पैसे द्यायचे ठरले आणि चिंगी आत आली. भाऊजींचं तोंड पडलं ते पडलंच. त्यांचं म्हणणं, “आपल्या गावी कधी कुत्रं घरात घेतलं नव्हतं. कुत्रं राखणीला असतं, ते अंगणातच शोभतं. एका कुत्र्यापायी पहिल्याच संध्याकाळी भांडण आणि वर पैसे.” जेवताना कोणी फार बोललं नाही. मामींनी केलेली नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं इतकं सुंदर होतं, आणि आम्ही ते गप्प बसून खाल्लं, याचं मला आजही वाईट वाटतं.

रात्री कधीतरी चिंगी उठून दारापाशी उभी राहिली. भुंकली नाही. मानेपासून शेपटीपर्यंत केस ताठ, घशातल्या घशात गुरगुर. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर अंग थरथरत होतं. थोड्या वेळाने आली आणि माझ्या पायाशी चिकटून झोपली. सकाळी मी आणि मामांनी अंगण पाहिलं. जमीन कडक, ठसे-बिसे काही दिसले नाहीत. रानडुक्कर असेल, तरस असेल, नुसतं मांजरही असू शकेल.

आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक दिवाळीला भाऊजी विचारतात, “काय, कुठे आला होता तुझा बिबट्या?”

माझं उत्तर मी इथे एकदाच नीट लिहून टाकते. भंडारदरा अकोले तालुक्यात येतं. बिबट्या माणसांच्या वस्तीला लागून कसा राहतो यावर वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे गाजलेलं काम केलं, ते याच तालुक्यातलं आहे. बिबट्याच्या विष्ठेचे नमुने तपासून त्यांनी तो काय खातो हे काढलं. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात ३९ टक्के पाळीव आणि भटके कुत्रे होते. शेळ्या फक्त ११ टक्के, आणि त्या भागात शेळ्या तर कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते आणि कुत्रा बाहेर असतो. मामांच्या वाडीला जे अनुभवाने कळलं होतं तेच या आकड्यांत आहे. हे काम तालुक्याच्या खालच्या, शेतीच्या खोऱ्यातलं आहे, धरणाच्या वरचं नाही, हे मान्य. पण बिबट्या तालुक्यात सगळीकडे आहे आणि खांबाला बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. सुट्टा कुत्रा निदान घरात शिरेल, माणसाजवळ येईल. बांधलेल्याला तेही नाही. त्या रात्री काही आलं नाही म्हणून तिला बाहेर बांधायला हवं होतं, असं मला कोणी पटवू शकणार नाही.

बिबट्या वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते त्याचं घर आहे, आपण तिथे दोन दिवसांचे पाहुणे. म्हणूनच त्याच्या वाटेत खाणं बांधून ठेवायचं नसतं. एकदा पडवीतून सोपी शिकार मिळाली की तो त्याच पडवीत परत येतो, आणि पुढच्या वेळी तिथे मामांचं नातवंड असू शकतं.

आता अभयारण्याचं. रतनवाडी, घाटघर, सांदण दरीसाठी जिथून जातात ते साम्रद, हा सगळा भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. १९८६ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र जवळपास ३६२ चौरस किलोमीटर. आत गावं आहेत, गावांत कुत्री आहेत, म्हणून लोकांना वाटतं आपलंही चालेल. नेऊ नका. नाक्यावर वनरक्षकाने अडवलं तर हुज्जत घालू नका, त्याचं बरोबर आहे. कुत्र्यांचे रोग जंगली प्राण्यांना लागतात. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरमध्ये थोड्याच दिवसांत २३ सिंह मेले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत त्यातल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू सापडला. ‘आमच्याकडे सगळ्या लसी आहेत’ हे तुम्हाला माहीत असतं. नाक्यावरच्या माणसाने दर गाडीतल्या कुत्र्याचं कार्ड तपासत बसायचं का? तेव्हा बुकिंग करतानाच विचारा की जागा अभयारण्याच्या हद्दीत आहे की बाहेर. आत असेल तर दुसरी शोधा.

याचा अर्थ घरातलं कोणीतरी मागे राहणार. आमच्याकडे बाकीचे रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाला गेले, मी आणि सासूबाई थांबलो. मला तरी त्या सहलीतला तोच दिवस सगळ्यात जास्त आठवतो. भातकापणी होऊन खाचरं मोकळी होती. चिंगीची लांब दोरी माझ्या हातात, सासूबाई काठी टेकत बांधावरून पुढे. पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं तरी त्यांचे गुडघे धरतात. तिथे चिंगी थांबून मागे बघायची, त्या पोचल्या की पुढे निघायची, आणि असं करत त्या ओढ्यापर्यंत चालत गेल्या. तिथे बसून त्यांनी मला त्यांच्या माहेरच्या, ओतूरकडच्या कुत्र्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्यांची नावं, कोण कोणाच्या मागे शेतावर जायचं, कोणता वारीला निघालेल्या आजोबांच्या मागे आळंदीपर्यंत गेला होता. इतक्या वर्षांत मला यातलं काही माहीत नव्हतं. बोर्डिंगला ठेवून गेलो असतो तर मी त्या दिवशी गाडीत बसून देवळाला गेले असते. कुत्र्यामुळे सहल हळू होते ही तक्रार मी खूप ऐकली आहे. निसर्गात राहायला जाताय ना, मग हळूच व्हायला हवी.

पट्टा, बिल्ला, लसींचं कार्ड, नेहमीचं खाणं हे तुम्हाला सांगायला नको. जे सहसा कोणी सांगत नाही ते सांगते.

कुसळं. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं आणि कुसळं बोटांच्या बेचक्यात, कानात, काखेत घुसतात. एकदा कातडीत शिरलं की ते पुढेच सरकत जातं, आपोआप बाहेर येत नाही. फिरून आल्यावर चारही पंजे बोटं फाकवून बघा, चिमटा बरोबर ठेवा. सारखं डोकं झटकायला लागली तर कानात गेलंय असं समजा आणि परतीची वाट धरा, कान स्वतः कोरू नका. गोचीड तपासणं पण रोजचंच. गोठ्याजवळ बसू देऊ नका. घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत सुस्त झाली, खाईना, ताप आला, तर डॉक्टरांना ‘आम्ही गावाकडे जाऊन आलो’ हे आधी सांगा म्हणजे ते गोचीड तापाचं रक्त लगेच तपासतील.

लॅब्राडॉर पाण्यात जाणारच. धरणाच्या काठाला गाळ असतो, पाय रुततो. लांब दोरी सोडू नका आणि नंतर कान कोरडे करा.

वाडीतल्या कोंबड्या आणि शेळ्यांच्या मागे ती एकदा जरी धावली तरी तुमची चूक. कोंबडी मेली तर मागतील ते पैसे द्या आणि माफी मागा. शहरातल्या लोकांची कुत्री मोकळी सोडलेली पाहून तिथल्या बायका शेळ्या ओढत नेताना मी पाहिल्या आहेत. हा उद्दामपणा आहे. वाडीतली कुत्री अंगावर आली तर पळू नका, आपल्या कुत्रीला तुमच्या आणि बांधाच्या मधे घ्या, गावातलं कोणी बरोबर असेल तर त्यांनी नुसता आवाज टाकला तरी ती मागे हटतात. म्हणून पहिलं फिरणं तिथल्या माणसाबरोबर करा.

एवढं सगळं ‘न्या, न्या’ म्हणून लिहिलं, पण काहींना खरंच नेऊ नये. म्हातारी असेल, फटाक्यांना घाबरून पळणारी असेल, माजावर असेल, घाटात सतत ओकत असेल, तर तिला घरीच ओळखीच्या माणसाबरोबर ठेवा. तो माणूस मुक्कामाला तुमच्या घरी आलेला बोर्डिंगपेक्षा केव्हाही बरा. मेअखेर-जूनमध्ये काजवे बघायला येणाऱ्यांच्या गर्दीत तर कुठलाही कुत्रा नेऊ नका. गाड्या, दिवे, आरडाओरडा, माणसांनाही तिथे धड उभं राहता येत नाही.

आणि दवाखान्याचं. तिकडचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुळात गाईम्हशींसाठी आहेत. कुत्र्याचा एक्स-रे, सलाइन, रक्त हे संगमनेर किंवा नाशिकला जायचं धरूनच चला. आपल्या डॉक्टरांचा नंबर आणि त्यांनी लिहून दिलेली उलटी-जुलाबाची औषधं बरोबर असू द्यात.

आता बुकिंगचा फोन. ‘पेट फ्रेंडली आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की कुत्री आमच्या खोलीत झोपेल का, खोलीला आतून कडी आहे का, गादीचे वेगळे पैसे किती. उत्तर मेसेजवर लिहून मागा. ‘पडवीत सोय करतो’ म्हणाले तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा. केअरटेकरचा नंबर घेऊन त्यांनाही हेच विचारा, खरं उत्तर तिथे मिळतं. आणि हा फोन एकट्याने करू नका. बरोबर येणारे सहाही जण समोर बसलेले असताना स्पीकरवर करा, म्हणजे कुत्री आत झोपणार आहे हे ज्यांना मान्य नाही त्यांना तिथे पोचल्यावर नव्हे, घरी बसूनच सांगता येईल.