पाण्याविना थंड होणाऱ्या गाडीविषयी

श्टुटगार्ट

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. १९८२ सालची पोर्शे ९११ एससी घ्यावी की १९८५ सालची कॅरेरा ३.२, असे तू विचारले आहेस. दोन्ही गाड्यांचा रंग, फुक्सची चाके आणि आसनांचे चामडे यांविषयी तू दोन पाने भरून लिहिले आहेस. इंजिन कसे तापते आणि ती उष्णता कोणत्या वाटेने बाहेर जाते, याविषयी मात्र चकार शब्द नाही. म्हणून मी तेवढ्याविषयीच लिहितो. एअर-कूल्ड पोर्शे बाळगणे म्हणजे तिच्या उष्णतेचा हिशेब ठेवणे, असे माझे मत आहे, आणि ते मला बरेच महागात पडून बनलेले आहे.

तुझ्या बाबांची चेतक तुला आठवत असेल. आकुर्डीच्या त्या स्कूटरला रेडिएटर नव्हता, तसेच तिचे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावरही विसंबून नव्हते. फ्लायव्हीलवरच पाती होती आणि वरचे काऊल, म्हणजे पत्र्याचे आवरण, त्या पात्यांचा वारा सिलिंडरच्या फिन्सकडे, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांकडे, वळवत असे. काऊल काढून ठेवून स्कूटर पळवणाऱ्या एकदोघांची इंजिने जाम झालेली मी आणि तुझ्या बाबांनी मिळून पाहिली आहेत. तू ९११ चे मागचे झाकण उघडशील तेव्हा समोर दिसणारा मोठा पंखा हे त्याच तत्त्वाचे थोरले रूप आहे, हे ध्यानात ठेव. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने मांडली गेली, मधल्या शून्यावर प्यूजोने हक्क सांगितल्यामुळे पुढच्या वर्षी ती ९११ झाली, आणि तेव्हापासून १९९८ पर्यंत त्सुफेनहाउसेनच्या कारखान्याने तिची इंजिने पाण्याविनाच थंड ठेवली.

तरीही ‘एअर-कूल्ड’ हा शब्द अर्धाच खरा आहे. तू पाहत असलेल्या दोन्ही गाड्यांत सुमारे तेरा लिटर ऑइल असते आणि इंजिनाच्या उष्णतेचा मोठा वाटा ते ऑइलच वाहून नेते. हे ऑइल इंजिनाच्या तळाशी साठत नाही. ते उजव्या मागच्या चाकामागे दडलेल्या वेगळ्या टाकीत राहते. त्यामुळे डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहण्याची रीत आपल्या सवयीच्या अगदी उलट आहे. इंजिन पूर्ण तापलेले हवे, गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन चालू हवे. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतले ऑइल हळूहळू इंजिनात उतरते, सकाळी डिपस्टिक कोरडी निघते, नवा मालक घाबरून दोन लिटर ओततो, आणि मग जास्तीचे ऑइल हवेच्या वाटेने आत खेचले जाऊन मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो. १९७२ च्या मॉडेलला तर ऑइल भरण्याचे झाकण उजव्या दारामागे, बाहेरच्या बाजूला दिले होते. पंपावरच्या लोकांनी त्यात पेट्रोल भरायला सुरुवात केल्यावर ते पुढच्याच वर्षी मुकाट्याने आत हलवले गेले.

आता माझी चूक सांगतो. १९९४ च्या जुलैत मी माझी पहिली ९११ घेऊन उल्मकडे निघालो होतो. गाडी १९७५ सालची होती, २.७ लिटरची. ए-८ महामार्गावर द्राकेनश्टाइनचा चढ लागतो, हा घाट तुझ्याही परिचयाचा आहे. त्या चढावर अल्टरनेटरचा लाल दिवा लागला. मी इलेक्ट्रिकलचा माणूस. मनाशी म्हटले, चार्जिंग गेले आहे, पण बॅटरी उल्मपर्यंत सहज पुरेल. या गाडीत अल्टरनेटर आणि पंखा एकाच अक्षावर बसतात आणि एकच पट्टा दोघांना फिरवतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते त्या क्षणी मात्र आठवले नाही. पट्टा तुटला होता. भर उन्हात, चढावर, पंख्याविना मी तीन-चार किलोमीटर गेलो आणि काटा लाल पट्टीत शिरल्यावर थांबलो. त्या इंजिनाची क्रँककेस, म्हणजे मधला मुख्य सांगाडा, मॅग्नेशियमची असते; सिलिंडर घट्ट धरून ठेवणारे लांब बोल्ट, म्हणजे स्टड, प्रत्येक सिलिंडरला चार याप्रमाणे चोवीस तिच्यात आटे पाडून बसवलेले असतात आणि अतिउष्णतेत ते आटेच सुटतात. इंजिन उघडले तेव्हा पाच स्टड आट्यांसकट बाहेर आलेले होते. एक स्टड मिस्त्रीने माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या आट्यांत करड्या धातूचा चुरा गच्च भरलेला होता. तो स्टड माझ्या टेबलावर आजही आहे, आणि त्याच्यासाठी मी जे पैसे मोजले त्यात त्या काळी एक बरी फोक्सवॅगन आली असती.

म्हणून तू घेशील त्या गाडीत हा लाल दिवा लागला तर पुढच्या चौकापर्यंतही न जाता तत्काळ थांबावे. जादा पट्टा, तो बसवण्याचा पाना आणि पुलीच्या दोन भागांमध्ये घालायच्या पातळ चकत्या गाडीत असाव्यात, कारण पट्ट्याचा ताण या चकत्या कमीजास्त करूनच जुळवावा लागतो. हे काम घरी अंगणात दोनदा करून पाहा; महामार्गाच्या कडेला ट्रक जात असताना शिकण्याचे ते काम नव्हे.

तुझ्या दोन्ही गाड्यांची क्रँककेस ॲल्युमिनियमची आहे, म्हणून स्टडचे आटे सुटण्याचे भय नाही. पण विशेषतः खालच्या, एक्झॉस्टच्या बाजूचे स्टड गंजून मध्येच तुटतात. ते बाहेरून कळत नाही. खालचे व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर स्टडच्या तुकड्यासह नट हातात पडतो तेव्हा कळते. कॅरेराला टायमिंग चेनसाठी, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या साखळीसाठी, इंजिनाच्या ऑइलच्या दाबावर चालणारे टेन्शनर, म्हणजे साखळी ताणून धरणारे भाग, आले, आणि पुष्कळ शहाण्या मालकांनी तेच एससीलाही बसवून घेतले. ते बसवले आहेत की नाहीत, हे पावत्यांत पाहा. कॅरेरा निघाली हीच मुळात नवलाई आहे. १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा ९११ बंद करण्याचे ठरलेले होते. मुख्य अभियंते हेल्मुट बोट यांच्या कचेरीतल्या पुढच्या योजनांच्या तक्त्यावर तिची रेघ थांबलेली पाहून शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर भिंतीवर ओढली. ही हकिकत ते स्वतः सांगत असत.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणे, हेही उष्णतेच्याच हिशेबात येते. बारा व्हॉल्व्ह, प्रत्येकाला ०.१ मिलिमीटर फट, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे आदल्या रात्रीपासून गाडी हललेली नसावी. खालच्या सहा व्हॉल्व्हसाठी पाठीवर निजून, कोपरातून ऑइल ओघळू देत फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याची पातळ पट्टी, सरकवावा लागतो. पहिल्या वेळी अख्खा रविवार जाईल. हे काम स्वतः करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पैसे वाचतात, पण त्याहून मोठा लाभ असा की गाडीखाली निजल्यावर ऑइल कुठून पाझरते ते दिसते. ऑइल परत खाली आणणाऱ्या रिटर्न ट्यूबच्या रबरी कड्या उष्णतेने कडक झाल्या की थेंब हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे एक्झॉस्टच्या उष्णतेने हवा तापवणाऱ्या भागावर, पडतो, आणि गाडीचा हीटर त्याच हवेवर चालत असल्यामुळे जळक्या ऑइलचा वास आत येतो. थोडा पाझर सगळ्याच गाड्यांना असतो, त्याने झोप उडवून घेऊ नकोस.

चालवण्याविषयी थोडक्यात सांगतो. ऑइलच्या तापमानाचा काटा जागेवरून हलेपर्यंत इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर जाऊ नये. इंजिन मागच्या अक्षाच्याही मागे असल्यामुळे ओल्या वळणात अॅक्सिलरेटर एकदम सोडला तर गाडीची पाठ पुढे येऊ पाहते. वेग वळणाआधी कमी करावा. दोन्ही गाड्यांचा ९१५ गिअरबॉक्स घाई सहन करत नाही. आणि गाडी महिनोन्महिने झाकून ठेवू नये. मीठ टाकलेले रस्ते सोडून दर पंधरा दिवसांनी तासभर चालव, म्हणजे ऑइल तापून त्यातले पाणी उडून जाते. तीस वर्षे उलटलेल्या गाडीला इथे एच पाटी, म्हणजे ऐतिहासिक गाडीची नंबर-पाटी, मिळते आणि वर्षाचा कर १९१ युरो ७३ सेंट इतकाच राहतो, तेव्हा न चालवण्याला कराचे कारणही उरत नाही.

माझा कल एससीकडे आहे, पावत्यांची जाड फाइल तिच्याच मालकाकडे आहे म्हणून. शनिवारी आपण दोघे जाऊ. मालकाला आजच कळव, की आम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नये. मी फीलर गेज आणि विजेरी घेऊन येतो. पोहोचल्यावर सर्वांत आधी मागचे झाकण उघडून इंजिनावर हात ठेवू; ते कोमट लागले, तर मालकाने दिलेली कॉफी घेऊ, त्याचे आभार मानू आणि परत येऊ.

तुझा,
काका