दिल्लीहून आणलेल्या जुन्या गाडीचा मीटर मागे केलाय का, हे घेण्याआधी कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यातला एक डीलर दिल्ली पासिंगची २०१७ ची डिझेल एसयूव्ही दाखवतोय. मीटरवर ४८,००० किमी आहेत, "एकच मालक, डॉक्टरांची गाडी" असं तो सांगतो, आणि किंमत इथल्या एमएच-११ गाडीपेक्षा लाखभराने कमी आहे. मीटर खरा की मारलेला, हे मेकॅनिक नसलेल्या माणसाला कळेल का?

कळतं. मीटर मागे करणारा एकच आकडा बदलतो, पण गाडी किती पळाली याच्या खुणा बऱ्याच ठिकाणी राहिलेल्या असतात. त्या सगळ्या पुसत बसणं त्याला परवडत नाही. तुम्ही त्या गोळा करायच्या आणि मीटरच्या आकड्याशी ताडून बघायच्या.

आधी किमतीबद्दल, कारण संशय तिथूनच सुरू झालाय. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर तिथले बरेच मालक आठव्या-नवव्या वर्षीच गाडी काढायला बघू लागले. शिवाय इथे आणल्यावर नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर तुमच्या खिशातून जातो. म्हणजे कमी किमतीला सरळ कारण आहे. मला खटकतो तो ४८,००० चा आकडा. आठ-नऊ वर्षांत एवढंच रनिंग म्हणजे वर्षाला साडेपाच-सहा हजार. इतकं कमी फिरणारा माणूस जास्तीचे पैसे मोजून डिझेल सहसा घेत नाही. अशा गाड्या असतात, नाही असं नाही, पण ते सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची.

मीटर मारतात कसा, हे कळलं की शोधायचं कुठे तेही कळतं. आजच्या गाडीत किमीचा आकडा मीटरच्या आत, आठ पायांच्या छोट्या मेमरी चिपमध्ये साठतो. काही गाड्यांत स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गॅरेजवाले तपासणीचं यंत्र जोडतात ती जागा) यंत्र लावून दहा-पंधरा मिनिटांत तो बदलता येतो. काहींत मीटर बाहेर काढून चिपला क्लिप लावतात, आकडा वाचतात आणि नवा लिहितात. दुसऱ्या प्रकारात मीटरभोवतीच्या प्लॅस्टिक पट्टीच्या कडेला पेचकसाचे बारीक ओरखडे राहतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. काचेच्या आतल्या बाजूला बोटाचा ठसा किंवा धूळ दिसली, तर मीटर कधीतरी उघडलेला असण्याची दाट शक्यता आहे.

उघडला म्हणजे मारलाच, असं मात्र नाही. मीटर खराब होऊन बदललेला असू शकतो. आपल्याच भागात २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीकडच्या बऱ्याच गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाडीत नवा मीटर बसतो तेव्हा किमी शून्यापासूनही सुरू होऊ शकतात. त्याचं बिल आणि जुन्या मीटरचा आकडा कागदावर हवा. कागद नसेल तर तो मीटर खोटाच धरा.

सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे अधिकृत वर्कशॉपची सर्व्हिस हिस्ट्री. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झालेलं काम तारीख आणि किमीसकट कंपनीच्या सिस्टीमवर राहतं, मग सर्व्हिस दिल्लीत झालेली असो वा गुरुग्रामला. वर्कशॉप ती माहिती बहुधा मालकालाच देतं. म्हणून डीलरला सांगा की आरसी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून कंपनीच्या ॲपमधून हिस्ट्री मागव, किंवा साताऱ्यातल्या वा पुण्यातल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नेऊन मालकाची संमती आणि ओटीपी घेऊन काढू. टाळाटाळ झाली, तर माझ्या मते तिथेच उठावं.

हिस्ट्री हातात आल्यावर आकडे उतरते आहेत का एवढंच बघू नका. चतुर माणूस आकडा शेवटच्या नोंदीच्या थोडा वरच ठेवतो. खरी मेख मोकळ्या काळात असते. समजा २०१९ पर्यंत दर सात-आठ महिन्यांनी सर्व्हिस आहे, दर वेळी दहा हजार किमी वाढलेत, शेवटची नोंद ४१,००० ची, आणि त्यानंतर सहा वर्षांत फक्त सात हजार किमी. माणसाची सवय अशी एकदम तुटत नाही. बाहेरच्या गॅरेजला काम होत राहिलं आणि मीटर मागे आला, हाच त्याचा सरळ अर्थ. बाहेरच्या गॅरेजच्या खुणाही सापडतात. बॉनेटखाली, एअर फिल्टरच्या झाकणावर, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर ऑइल चेंजचं स्टिकर असतं, त्यावर पेनाने "पुढची सर्व्हिस" म्हणून किमी लिहिलेले असतात. ग्लोव्ह बॉक्समध्ये व्हील अलाइनमेंटची चिठ्ठी आणि टायरचं वॉरंटी कार्ड शोधा. त्यांवरही बऱ्याचदा किमी असतात, आणि मीटर मारणारा ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायला विसरतो.

आता स्कॅनर. एप्रिल २०१३ पासूनच्या बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) गाड्यांत ओबीडी-२, म्हणजे गाडीतली स्वतःचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा, आहे. ब्लूटूथचा साधा ईएलएम-३२७ स्कॅनर हजार रुपयांच्या आसपास मिळतो, मोबाइल ॲपला जोडायचा. त्यात "कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर" नावाची नोंद असते. ती इंजिनच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये असते, मीटरमध्ये नाही. ती जास्तीत जास्त ६५,५३५ किमीपर्यंत मोजते आणि कुणी फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसले की शून्यावर येते. मीटरवर ४८,००० आणि इथे ५९,००० दिसले, तर वादाला जागाच उरत नाही. फार तर ईसीयू दुसऱ्या गाडीचा आहे, आणि तेही तितकंच वाईट. उलट ही नोंद मीटरपेक्षा कमी असेल तर काहीच सिद्ध होत नाही. ती जेमतेम शंभर-दीडशे किमी असेल तर दाखवण्यापूर्वी कोड का पुसले, हे विचारा.

चांगल्या स्कॅनरवर बऱ्याच गाड्यांत इंजिन किती तास चाललं तेही दिसतं. किमीला तासांनी भागा. ४८,००० किमी आणि ४,१०० तास असतील तर सरासरी वेग ताशी १२ किमीसुद्धा भरत नाही. शहरातल्या गर्दीतली गाडीही सहसा ताशी २० ते २५ ची सरासरी काढते. त्या हिशेबाने ही गाडी ८० हजार ते लाखभर पळालेली असणार. बीएस-६ डिझेल असेल तर डीपीएफच्या (धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरच्या) नोंदीतही किमी असतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि एबीएसच्या युनिटमध्येही काही कंपन्या किमी ठेवतात. ते वाचायला कंपनीच्या दर्जाचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठावं लागेल.

गाडीच्या अंगावरच्या खुणा मी दुय्यम मानतो, कारण सीट कव्हर आणि स्टिअरिंग कव्हर दोन तासांत बदलतं. सीट बेल्ट मात्र कुणी बदलत नाही. ड्रायव्हरचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून घ्या. जास्त पळालेल्या गाडीत खांद्यावरून जाणारा भाग काळपट, चकचकीत आणि कडेला केसाळ झालेला असतो, अगदी आत गुंडाळलेला भाग नवा दिसतो, आणि सोडल्यावर बेल्ट रेंगाळत आत जातो. मग शेजारच्या सीटचा बेल्ट ओढून फरक बघा. पेडलमध्ये क्लच आणि ब्रेकचे रबर नवेकोरे पण ॲक्सिलरेटर घासलेला असेल, तर रबर कधी आणि का बदलले ते विचारा.

टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. पाच-सहा वर्षांत टायर नुसत्या वयानेही कडक होऊन बदलतात, म्हणून एकदा बदललेले टायर गुन्हा नाही. चार टायर २०२३ चे आणि तेही जवळजवळ संपलेले असतील, तर मात्र ४८,००० पटत नाहीत. पुढच्या ब्रेक डिस्कच्या कडेला नख फिरवा. पॅड न घासणाऱ्या कडेची उंच धार नखाला अडकली, तर डिस्क बरीच झिजली आहे. किमान जाडी बऱ्याच डिस्कवर कोरलेली असते. गॅरेजमध्ये कॅलिपरने मोजून घ्या.

चालवून बघताना यवतेश्वरचा घाट उत्तम. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचे फेरे वाढतात पण गाडी तशी उचलत नाही, म्हणजे क्लच संपत आलाय. उतारावर गिअरमध्येच गाडी सोडून खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबा आणि मागे निळसर धूर येतो का, हे सोबतच्या माणसाला बघायला सांगा. आला तर ऑइल जळतंय. शिवाय महामार्गावर मोबाइलच्या जीपीएसने २० किमी मोजा आणि ट्रिप मीटरशी ताडा. दोन-तीन टक्के फरक चालतो. मीटर १२ किंवा १४ च दाखवत असेल, तर मागे किमी रोखणारा ब्लॉकर बसवलाय.

फास्टॅगचं स्टेटमेंटही मागा, टोलच्या फेऱ्यांवरून किमीचा अंदाज येतो. तुमच्या गाडीला दिल्लीकडचे टोल दिसतील. इथली गाडी बघत असाल तर आणखी सोपं: आठवड्याला दोनदा आनेवाडी आणि खेड-शिवापूरचे टोलनाके ओलांडून पुण्याला जाऊन-येऊन केलेली गाडी नुसती त्याच फेऱ्यांत वर्षाला २२,००० च्या वर जाते.

आरटीओच्या कागदांचा किमीसाठी उपयोग नाही. फॉर्म २८, २९, ३० (ना-हरकत आणि मालकी बदलाचे) यांत किमी लिहायची जागाच नाही, त्यामुळे "पासिंग झालंय, सगळं क्लिअर आहे" या वाक्याचा मीटरशी संबंध नाही. सरकारच्या "वाहन" या साइटवर मालकाचा क्रमांक (कितवा मालक), कर्जाचा बोजा आणि गाडीचा वर्ग बघा. आधी टॅक्सी असून नंतर खासगी केलेली असेल तर ४८,००० विसरा. अशा गाडीच्या नंबरप्लेटच्या पट्टीवर जादा भोकं आणि बंपरवर रिफ्लेक्टर टेपचा गोंद राहिलेला असतो.

आकडा इतका महत्त्वाचा का, हेही सांगतो, कारण "इंजिन टकाटक आहे ना, मग मीटरचं काय?" असं तुम्हाला ऐकवतील. डस्टर, टेरानोच्या १.५ डिझेलला आणि पोलो, व्हेंटो, रॅपिडच्या १.५ डिझेलला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल सांभाळणारा पट्टा) असतो. जुन्या स्विफ्ट, डिझायरच्या १.३ डिझेलला चेन. बेल्ट पुस्तकात दिलेल्या किमीवर किंवा वर्षांवर बदलावाच लागतो. मीटर खोटा असेल तर बेल्टची मुदत संपूनही तुम्ही निर्धास्त फिरता. तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनचं हेड उघडावं लागतं. खंबाटकी चढताना कुटुंब गाडीत असेल, तर खर्चाचा प्रश्न नंतरचा.

एवढं करूनही पुरावा मिळाला नाही आणि गाडी आवडलीच असेल, तर वर्षाला १५,००० धरून रनिंग सव्वा लाख समजा आणि भाव त्यावर बोला. घेतल्या दिवशी टायमिंग बेल्ट किट वॉटर पंपासकट, इंजिन ऑइल, डिझेल फिल्टर, गिअर ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. हा खर्च भाव करतानाच वजा करा.

व्यवहार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. त्यात चेसिस नंबर, त्या दिवशीचे मीटरवरचे किमी आणि "हे किमी खरे आहेत, खोटे निघाल्यास गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ" हे वाक्य डीलरच्या सहीने हवं. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची किमीसकट इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवावी लागते. दोन्ही बघायला मागा. पुढे फसवणूक निघाली तर डीलरविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्यासाठी जाहिरातीतला "४८,००० किमी" चा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं आजच जपून ठेवा. गाडी विकली गेली की जाहिरात काढून टाकतात.