फायरवॉलवरचा मेणखडू पुसण्याआधी

तुम्ही लिहिलंय की तुमची जुनी गाडी एकदाही रिस्टोअर झालेली नाही, बॅटरी काढल्यावर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, पिवळ्या मेणखडूने लिहिलेले आकडे दिसले, प्रोपेलर शाफ्टवर (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) रंगाचा पट्टा आहे, आणि आता सगळं ग्रीस धुऊन त्यावर क्लिअर लॅकर मारायचा विचार आहे. कृपा करून दोन्ही बेत थांबवा.

कारखान्यातल्या या खुणा टिकाव्यात म्हणून कुणी केल्याच नव्हत्या. असेंब्ली लाइनवर एकामागून एक वेगवेगळ्या ऑर्डरच्या गाड्या येत. कुठला शाफ्ट किंवा कुठली स्प्रिंग कुठल्या गाडीला, हे चटकन ओळखू यावं म्हणून पट्टे ओढायचे; बोल्ट आवळून तपासला की त्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. गाडी फाटकाबाहेर पडली की त्या खुणेचं काम संपलं. म्हणून साधनंही साधी: खडू, मेणखडू, शिक्क्याची शाई, पातळ रंग. इतकी वर्षं त्या टिकल्या त्या बऱ्याचदा वर बसलेल्या ग्रीस आणि धुळीमुळे. ज्याला तुम्ही मळ म्हणताय, तेच त्यांचं पांघरूण आहे.

धुण्यातली अडचण अशी की प्रत्येक खुणेचा शत्रू वेगळा. खडू पाण्याने जातो. मेणखडूला पाण्याचं काही वाटत नाही, पण ग्रीस काढायला आपण जे रॉकेल किंवा टर्पेंटाइन वापरतो, त्यातच तोही विरघळतो. शिक्क्याची शाई बऱ्याचदा स्पिरिटने पसरते, रंगाचे ठिपके थिनरने सुटतात. माझ्या पहिल्या गाडीच्या फायरवॉलवर मी रॉकेलचं फडकं एकदाच फिरवलं. फडक्यावर निळसर डाग आला, तेव्हा कळलं की तिथे काहीतरी लिहिलेलं होतं. काय होतं, ते आता कधीच कळणार नाही. त्याची हळहळ अजून आहे.

त्यामुळे पहिलं काम फोटोंचं. कुठलाही भाग सोडवायच्या आधी, जागच्या जागी. एक फोटो लांबून, म्हणजे खूण गाडीत नेमकी कुठे आहे ते कळेल; एक जवळून, शेजारी मोजपट्टी आणि रंगांचं कार्ड ठेवून. मग दिवा अगदी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून आणखी एक. त्या तिरप्या उजेडात पुसट झालेला मेणखडूसुद्धा उठून दिसतो. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही फिरवून बघा, कधी कधी नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरं हाती लागतात.

सफाई करायचीच असेल तर कोरडी. मऊ ब्रश, लाकडी काडी, हलका व्हॅक्यूम. खुणेच्या दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबा. प्रेशर वॉशर आणि वाफ अजिबात नको. ड्राय आइसची हल्ली फार शिफारस होते. गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे ते उणे 78 अंशांचे कण जोरात फवारले की ग्रीस सुंदर उडवतात, पण सैल खडू आणि शाईसुद्धा उडवतात. आधी कोपऱ्यातल्या बिनमहत्त्वाच्या डागावर चाचणी घ्या.

आता लॅकर. खडू पांढरा दिसतो तो त्याच्या कणांमधल्या हवेमुळे. लॅकर त्या फटीत शिरलं की उजेड जवळपास सरळ आरपार जातो आणि खूण डोळ्यांदेखत विरते. मेणखडूवर लॅकर नीट चिकटत नाही, त्यातलं थिनर रेघ पसरवतं, आणि पुढे ते पिवळं पडलं तर काढताना खूणही निघून येते. संग्रहालयांतले संवर्धक पॅरालॉइड बी-72 सारखं नंतर काढता येणारं रेझिन वापरतात, पण तेही बहुधा अ‍ॅसिटोन किंवा टोल्युइनमध्ये विरघळवलेलं असतं. घरी त्याचा प्रयोग नको. खुणेवर काहीच लावू नका. गंजाची भीती असेल तर भोवतीच्या पत्र्यावर मेण लावा, खुणेपासून अंतर ठेवून.

कागद सापडला तर जास्तच जपा. 1967 ते 1982 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये बिल्ड शीट, म्हणजे त्या गाडीला काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी, पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेलं असायचं; काही गाड्यांत ते सीटच्या स्प्रिंगांत अडकलेलं मिळतं. चिकटलेलं असेल तर सोलू नका. सुटं असेल तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, अंधारात ठेवा. लॅमिनेशन कधीही नाही, ते परत निघत नाही.

इंजिन उघडणार असाल तर एक गोष्ट मशीन शॉपला लेखी द्या. शेव्हरोलेच्या व्ही-8 ब्लॉकवर नंबर ठोकलेली पट्टी डेकच्याच, म्हणजे सिलिंडर हेड बसतं त्या वरच्या पृष्ठभागाच्याच, पातळीत असते. डेक सपाट करायला घेतला की नंबर आणि कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक समांतर रेषा एका फेरीत जातात.

पुसट अक्षरं पुन्हा गिरवावीत का, हेही तुम्ही विचारलंय. नाही. अर्धी उरली असेल तर अर्धीच राहू द्या. तुम्ही गिरवलीत की उरलेल्या खऱ्या खुणांवरही पुढचा माणूस शंका घेईल. फीवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2012 च्या ट्यूरिन चार्टरमध्ये गाडीवर केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवण्यावर भर आहे. वहीत तारखेसह लिहीत चला. खूण असलेला एखादा भाग बदलावाच लागला, तर जुना भाग चिठ्ठी बांधून गाडीसोबत ठेवा.

शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट (टोकाचा वळणारा सांधा) वाजतोय असं तुम्ही म्हणालात, तेव्हा शाफ्ट उतरवावा लागेलच. पट्ट्यावर टेप चिकटवू नका, सैल कागद गुंडाळून दोन्ही कडांना दोऱ्याने बांधा, आणि शाफ्ट व्हाइसमध्ये धरताना पट्ट्याची जागा जबड्याबाहेर राहील असं बघा.