सगळेच शोधतायत, मग जायचं कुणाकडे?

नाशिकच्या शरणपूर रोडवर बसून मी समुपदेशन करते. ख्रिस्ती घरांतल्या बायका आल्या की बहुतेक जणी एकाच वाक्याने सुरुवात करतात, "ताई, कशातच लक्ष लागत नाही. प्रार्थनेला बसले तरी मन डब्यात नाहीतर ड्युटीत." मग आवाज खाली आणून, "माझा विश्वासच कमी पडतोय का?"

या महिन्यात हे चौथ्यांदा ऐकलं, म्हणून एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ती नर्स, तीन पाळ्यांची ड्युटी. नवरा सातपूरला कारखान्यात, मुलगी दहावीला, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. शिवाय चर्चमधली शब्बाथशाळा (रविवारचा धर्मवर्ग), महिला मंडळाचा हिशेब, गायनमंडळ. पहिल्याच दिवशी तिने पर्समधून पवित्र शास्त्र काढलं, तर पानापानांतून चिठ्ठ्या डोकावत होत्या. ड्युटीचा तक्ता, किराण्याची यादी, वर्गणीच्या पावत्या, वीजबिल.

"यातलं काय सोडता येईल?"

"काहीच नाही. देवाच्या कामाला नाही म्हणायचं नसतं, पप्पा म्हणायचे."

इथे वेळापत्रक करायला लावायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. वेळापत्रक तिच्याकडे होतंच, तीन रंगांच्या पेनांनी आखलेलं. नाही म्हणताना जिच्या पोटात गोळा येतो, तिच्या हाती चौथा रंग देऊन काय होणार? आम्ही तीन-चार आठवडे त्या गोळ्याविषयीच बोललो.

मग एकदा मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढायला सांगितला, वचन 35.

"हे पाठ आहे मला. प्रभू पहाटे उठून प्रार्थना करत होता. मला पहाट जमत नाही, त्याचंच तर वाईट वाटतं."

"पुढे वाच."

आदल्या दिवशी येशूने बरं केल्यामुळे त्याचा शिष्य शिमोन याच्या सासूचा ताप उतरलेला (सासूबाई तिथेही आहेतच!), संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं. सकाळी शिमोन शोधत येतो, सगळे तुम्हाला शोधतायत म्हणतो. आणि येशू म्हणतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ.

तिचं बोट ओळीवर थांबलं. "म्हणजे तो परत गेलाच नाही?"

"तेव्हा तरी नाही."

"आणि दाराशी आलेले?"

मी गप्प बसले. ती वीजबिलाची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "शिमोन काही वाईट माणूस नव्हता. पण त्याने बोलावलं म्हणजे देवानेच बोलावलं, असं नाही ना ताई?"

हेच मी सांगितलं असतं, तर तिने मान डोलावली असती आणि जिना उतरेपर्यंत विसरली असती. ते तिच्या तोंडून येईपर्यंत थांबता आलं, याचं मला आजही बरं वाटतं. माझंही एक सुटलं. लक्ष विखुरतं ते मोबाइलमुळे, असं मी समजत होते. हिचं विखुरलं होतं न घेतलेल्या निर्णयांमुळे.

अशा बायकांना मी आता एवढंच सांगते. पहाट म्हणजे चारच वाजता असं नाही, रात्रपाळीवालीची पहाट सकाळी नऊला होते. तेव्हा दहा मिनिटं बसा, मागणं कमी करा. कुणीही काहीही सांगितलं, अगदी पाळकसाहेबांनी सांगितलं तरी, "उद्या सांगते" म्हणा. आणि आपल्या जागी दुसरं कुणी चालणारच नाही अशा जागा कुठल्या, ते आधी पाहा. हिशेब दुसरी कुणीही लिहील. दहावीतल्या मुलीला दुसरी आई नाही. मात्र झोप उडाली असेल, दोन आठवडे मन उठतच नसेल, तर आधी डॉक्टरकडे जा. शुभवर्तमान लिहिणारा लूकही वैद्यच होता.

नाताळच्या कॅरलच्या वेळी तिने "उद्या सांगते" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी खरंच नाही म्हणून कळवलं. मंडळाच्या सेक्रेटरीबाई दोन रविवार तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर चप्पल शोधता शोधता त्यांनीच विचारलं, "काय गं, सासूबाईंचा गुडघा कसा आहे?"