पाकीट एकच, मग गाठींत फरक का?

प्रश्न: सर, औसा तालुक्यात पाच एकर सोयाबीन आहे. निम्म्यात जेएस 335 वाण, निम्म्यात फुले संगम वाण. रायझोबियमचं (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूचं) पाकीट एकच, पेरणी एकाच दिवशी. चाळीस दिवसांनी उपटून बघितलं तर एकाच्या मुळांना गाठीच गाठी, दुसऱ्याला मोजक्याच. दुकानदार म्हणतो पाकीट खराब निघालं. मग एकावर कसं चाललं?

उत्तर: दादा, तुमची शंका बरोबर आहे, वाणामुळं फरक पडू शकतो. गाठ काही जिवाणू एकटा करत नाही. सोयाबीनचं मूळ आधी मातीत जेनिस्टीनसारखी द्रव्यं सोडतं, ती ओळखून जिवाणू उलट सिग्नल देतो आणि तो जुळला तरच मूळ त्याला आत घेतं. कुणाला घ्यायचं हे बरंचसं वाणाच्या जनुकांवर असतं, म्हणजे अमेरिकेच्या हार्डी वाणात आरजे2 जनुक आहे, तो ब्रॅडीरायझोबियमच्या (सोयाबीनला गाठी करणाऱ्या जिवाणूच्या) काही जातींना गाठ धरूच देत नाही, आणि हिल वाणातला आरजे4 वेगळ्याच जातींना अडवतो. आफ्रिकेत तर अमेरिकन वाणांना गावच्या मातीत धड गाठीच येईनात, कारण त्यांना लागणारा जिवाणूच तिथं नव्हता, आणि पाकीट खेडोपाडी पोचवणं अवघड. मग नायजेरियात इबादानच्या आयआयटीए या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं वाणच बदलले, तिथल्या मातीतल्या चवळीच्या जिवाणूंशी जमवून घेणारे टीजीएक्स वाण काढले. मला हे काम फार मोठं वाटतं.

तुमच्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीन असेल तर मातीत जुने जिवाणू ठाण मांडून बसलेले असणार, पाकिटातल्यांना त्यांच्याशी झगडून जागा मिळवावी लागते. म्हणून नुसत्या गाठी मोजू नका, नखानं फोडून बघा. आतून गुलाबी-लाल असेल तर नत्र धरतेय, पांढरी किंवा हिरवट असेल तर काम करत नाही. गुलाबी थोड्या असल्या तरी त्या पांढऱ्या ढीगभर गाठींपेक्षा चांगल्या! आणि कमी गाठीच्या बाजूला युरिया जास्त पडला का, पाणी साचलं का, हे वाणाला दोष देण्याआधी बघा, दोन्हींनी गाठी कमी होतात.

पुढच्या वर्षी दोन्ही वाणांत चार-चार ओळी बिनपाकिटाच्या पेरा, त्या ओळींचं बियाणं आधी पेरून घ्या म्हणजे पेरणीयंत्रातून जिवाणू तिकडं जाणार नाहीत. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, सावलीत सुकवून लगेच पेरा. चाळीस दिवसांनी उपटून फोडा आणि काय रंग निघाला ते कळवा.