वाचकांचे प्रश्न: पॅनेलचा जागतिक बाजार

प्रश्न: फर्निचरमध्ये पार्टिकल बोर्ड (लाकडाचे बारीक तुकडे गोंदाने दाबून केलेला बोर्ड) सगळीकडे दिसतो, पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या तक्त्यांत प्लायवूडच्या मानाने तो फार कमी फिरतो. असं का?

उत्तर: कंटेनर आकाराने भरण्याआधी वजनाने भरतो, म्हणून. २४४० × १२२० × १८ मिमीच्या एका शीटचं घनफळ ०.०५३६ घनमीटर, म्हणजे घनमीटरमागे साधारण साडेअठरा शीट. चाळीस फुटी कंटेनरच्या पोटात सुमारे ६७ घनमीटर जागा असते, पण रस्त्यावरच्या वजनमर्यादेमुळे बऱ्याच मार्गांवर २६ टनांच्या आसपासच माल भरता येतो. घनमीटरला ७२० किलो भरणारं एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) ३६ घनमीटरलाच थांबतं आणि जवळपास अर्धा कंटेनर रिकामा जातो. ६५० किलोचा पार्टिकल बोर्ड ४० घनमीटर बसतो, तर ५३० किलोचं पॉप्लर प्लायवूड ४९. त्यात पार्टिकल बोर्डची घनमीटरची किंमत सगळ्यांत कमी, त्यामुळे भाड्याचा बोजा त्याच्यावर सगळ्यांत जास्त. २०२१मध्ये कंटेनरचं भाडं कडाडलं तेव्हा लांबच्या मार्गांवर हे गणित कोसळलं. म्हणून हा बोर्ड बहुधा ट्रकने किंवा रेल्वेने शेजारच्या देशात जातो.

थायलंड हा ठळक अपवाद. चीक देऊन थकलेली रबराची झाडं तिथे तशीही तोडावी लागतात. त्यामुळे कच्चा माल सहज मिळतो आणि बोर्ड समुद्रमार्गे आशियातल्या फर्निचर कारखान्यांकडे जातो.

आणखी एक गोष्ट तक्त्यात दिसतच नाही. सुटं करून पॅक केलेलं कपाट परदेशी गेलं की त्यातला बोर्ड कस्टम्सच्या ४४व्या, म्हणजे लाकडाच्या प्रकरणातून निघून ९४व्या, म्हणजे फर्निचरच्या प्रकरणात जमा होतो. फक्त ४४वं प्रकरण पाहून ‘पार्टिकल बोर्डला परदेशात मागणी नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

प्रश्न: एका देशाची निर्यात आणि दुसऱ्याची आयात जुळत नाही. कोणता आकडा धरावा?

उत्तर: आयातीचा. त्यावर शुल्क लागतं, म्हणून तो जास्त बारकाईने तपासला जातो. फरकाची कारणं नेहमीचीच: निर्यात बंदरावरच्या किमतीने नोंदली जाते, तर आयातीत बहुतेक ठिकाणी भाडं आणि विमा धरलेला असतो, कुणी किलोवरून घनमीटर काढतं, आणि घनता चुकीची धरली की सगळं बिघडतं. कलही मूल्यावरून नव्हे, घनमीटरवरून पाहा. भाव चढले की मूल्य वाढतं, माल वाढलेला नसतो. कस्टम्सचा कोडही सहा अंकी घ्या. ४४१० या एकाच शीर्षकात पार्टिकल बोर्ड (४४१०११) आणि ओएसबी, म्हणजे लाकडाच्या लांबट चकत्यांचा बोर्ड (४४१०१२), दोन्ही येतात, पण त्यांचे बाजार पूर्ण वेगळे आहेत: एक फर्निचरवर चालतो, दुसरा घरबांधणीवर.

प्रश्न: रशियन बर्च प्लायवूडवर युरोपात बंदी आहे. तरी बर्चची फारशी जंगलं नसलेल्या देशांतून ते येतं, हे कसं?

उत्तर: आधी क्रम पाहा. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२१मध्ये रशियन बर्च प्लायवूडवर १४.४ ते १५.८ टक्के अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्त आयातीवरचं जादा शुल्क) लावलं. एप्रिल २०२२च्या निर्बंधांत आयातच बंद झाली. जुन्या करारांना १० जुलैपर्यंत मुदत होती. पुढे तुर्कस्तान आणि कझाकस्तानमधून आवक वाढली, आणि मे २०२४मध्ये १५.८ टक्के शुल्क तिथून येणाऱ्या मालालाही लागू झालं. अमेरिकेतही हेच घडलं: २०१८मध्ये चिनी हार्डवूड प्लायवूडवर शुल्क, मग व्हिएतनाममार्गे येणाऱ्या मालाची चौकशी, आणि २०२३मध्ये शुल्क चुकवल्याचा निर्णय. म्हणजे एखाद्या देशाची निर्यात अचानक फुगलेली दिसली, तर नवा कारखाना शोधण्याआधी शेजाऱ्यावर कोणतं शुल्क बसलं ते पाहावं.

खरेदीदाराने फक्त मूळ देशाच्या दाखल्यावर विसंबू नये. एक घनमीटर प्लायवूडला साधारण दोन ते अडीच घनमीटर ओंडके लागतात. कारखान्याची ओंडक्यांची किंवा व्हिनियरची (लाकडाच्या पातळ थरांची) खरेदी, प्रेसची क्षमता आणि वर्षाची निर्यात एकाच कागदावर मांडा. मेळ बसत नसेल तर माल बाहेरून येतोय. फेस व्हिनियर (दिसणारा वरचा थर) आणि आतल्या थरांचे पुरवठादार वेगवेगळे विचारा. गोम बहुतेक वेळा फेसमध्येच असते. युरोपचा जंगलतोडविरोधी नियम तर तोडीच्या जागेचे अक्षांश-रेखांश मागतो आणि ३१ डिसेंबर २०२०नंतर जंगल साफ केलेल्या जमिनीवरचा माल नाकारतो. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण ही माहिती मागाहून जमवता येत नाही.

प्रश्न: आमच्या एमडीएफला ई-१ प्रमाणपत्र आहे. अमेरिकेत चालेल का?

उत्तर: नाही. ई-१ ही युरोपची मर्यादा: बोर्डच्या गोंदातून निघणारा फॉर्माल्डिहाइड वायू हवेत घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमपर्यंतच. अमेरिकेची मर्यादा एमडीएफला ०.११ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.११ भाग), ८ मिमीपर्यंतच्या पातळ एमडीएफला ०.१३, पार्टिकल बोर्डला ०.०९ आणि हार्डवूड प्लायवूडला ०.०५. आकडे जवळचे वाटले तरी चाचणीकक्षाचं तापमान आणि आर्द्रता वेगळी, त्यामुळे थेट रूपांतर करू नका. शिवाय तिथे मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेचं प्रमाणन लागतं. युरोपही ६ ऑगस्ट २०२६पासून फर्निचर आणि लाकडी वस्तूंसाठी ०.०६२वर येत आहे, म्हणजे ई-१च्या निम्म्यावर. रेझिन (बोर्डचा गोंद) बदलायचं तर प्रेसची वेळही बदलते, तेव्हा चाचण्या लवकर सुरू करा.

प्रश्न: बोर्डला उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो का?

उत्तर: बोर्डला नाही. गोंद, उष्णता आणि दाब वापरून तो बनतो, म्हणून आयएसपीएम-१५मधून (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) सूट आहे. माल अडतो तो गठ्ठ्याखाली ठेवलेल्या कच्च्या लाकडाच्या पट्ट्यांमुळे. त्यांच्या गाभ्याचं तापमान सलग ३० मिनिटं ५६ अंश राहिलेलं असावं आणि शिक्का हवा. भरणीच्या वेळी कमी पडलेली एखादी पट्टी बिनशिक्क्याच्या लाकडातून कापली जाते आणि तीच नेमकी सापडते. त्यापेक्षा प्लायवूडच्याच पट्ट्या कापून ठेवा. एमडीएफच्या पट्ट्यांनाही सूट आहे, पण प्रवासातल्या दमटपणाने त्या फुगतात आणि गठ्ठा कलतो.