परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मुलुंडला सातव्या मजल्यावर दक्षिणेकडे तोंड असलेली गॅलरी आहे. पहिल्या पावसाबरोबर पेरलेली मेथी आणि कोथिंबीर कुजून गेली, तर टोमॅटोला एप्रिलमध्ये आलेली सगळी फुले गळून पडली. कोणत्या ऋतूत काय लावावे?

उत्तर : शेतीचा हंगाम मृगाबरोबर सुरू होतो म्हणून गॅलरीसाठीही जूनमध्येच बियाणे आणले जाते, दक्षिणेच्या गॅलरीला हा मुहूर्त मुळीच मानवत नाही. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे आपल्या गॅलरीत थेट ऊन जवळजवळ येत नाही आणि पावसाळी ओलावा कुंडीतच मुरून राहतो. डिसेंबरमध्ये मात्र हाच सूर्य दक्षिणेकडे उतरतो आणि ऊन पार आतपर्यंत पोहोचते. आपले वर्ष, म्हणूनच, ऑक्टोबरपासून धरावे.

टोमॅटो, वांगी आणि मिरची यांचे बी गणपतीच्या सुमारास आडोशाला पेरावे आणि पाऊस ओसरल्यावर रोपे किमान एक फूट खोल कुंडीत लावावीत, म्हणजे टोमॅटो थंडीच्या तोंडावर फुलावर येतो. रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचे परागीभवन नीट होत नाही. एप्रिलमधील फुलगळीचे कारण बहुधा हेच असावे, खत वाढवून ती थांबणार नाही. मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर नोव्हेंबरपासून दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरावी. धणे हलके रगडून दोन भाग करून पेरावेत आणि उगवायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून धीर सोडू नये. मेथीला तर फारशी खोल मातीही लागत नाही. बाजारात मिळणारी समुद्रमेथी रेतीतच वाढते, हे मुंबईकरांना सांगायला नकोच.

फेब्रुवारीनंतर ऊन कठड्याकडे सरकू लागले की कुंड्याही तिकडे सरकवाव्यात आणि लाल माठ व चवळी यांवर भागवावे. भेंडीला रोज पाच-सहा तास ऊन मिळणार नसेल तर तिच्या नादी लागू नये. पावसाळ्यासाठी अळू लावावे. त्याला ओलावाही चालतो आणि सावलीही. वडीचे अळू आणि भाजीचे अळू निराळे असते, तेव्हा कंद घेताना विचारून घ्यावे.

प्रश्न : गच्चीवर लावलेल्या दुधीला फळे धरतात, पण बोटाएवढी झाल्यावर पिवळी पडून गळतात. कोणते औषध फवारावे?

उत्तर : कोणतेही नको. दुधीची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, आणि मादी फुलामागे इवलासा दुधी जन्मतःच दिसतो. परागकण पोहोचले नाहीत तर तो वाढत नाही. उंच इमारतींच्या गच्चीवर कीटकांची ये-जा कमी असल्यास हे वारंवार घडते. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा ताजे नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्याचा केसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. काकडी आणि कारल्यासाठी हेच काम सकाळी करावे. वेल नवा असताना काही दिवस नुसती नर फुलेच येतात, त्या काळात वाट पाहण्यावाचून उपाय नाही.